आठ आठवड्यांची पुळी

मराठीने मुरुमांच्या आजाराला दिलेलं नावच पहिली दिशाभूल करतं: तारुण्यपिटिका. सुश्रुतसंहितेने तिला क्षुद्ररोगांत बसवलं, सावरीच्या काट्यासारखी पुळी असं तिचं रूप सांगितलं आणि ती तरुणांच्या तोंडावर येते अशी वयाची खूणही घातली. काट्याची उपमा आजही तंतोतंत लागू पडते. सावरीच्या खोडावरचा काटा बुडाशी रुंद आणि टोकाला बारीक असतो. हनुवटीच्या कडेला आतून ठणकणारी गाठ बोटाला तशीच लागते. वयाची खूण मात्र फसवते. दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासात तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई असलेली बाई आरशासमोर म्हणते, "आता या वयात कसले पिंपल्स?" आणि वयाचा हिशेब लागत नाही म्हणून दुसरी कारणं शोधू लागते. उष्णता झाली, पोट साफ नाही, इथलं पाणी लागलं, कंपनीतलं तेल बाधलं. हे सगळं एकेकाळी मीही मानलं आहे. सुताच्या कंपनीत क्वालिटी खात्यात मी बरीच वर्षं काढली, आणि त्यातली पाच-सहा वर्षं जबड्याच्या कडेने पुळ्या वागवल्या. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही.

मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. मोठ्या वयातल्या मुरुमाचं घड्याळ आठवड्यांत चालतं आणि आपण औषधाची परीक्षा दिवसांत घेतो. या तफावतीतून जेवढं नुकसान होतं, तेवढं कदाचित आजारातूनही होत नाही.

रंध्रात काय घडतं

वयाच्या पंचविशीनंतर मुरूम टिकून राहिले किंवा नव्याने आले, तर त्यांना प्रौढ वयातले मुरूम म्हणतात. बहुतेकांचे शाळा-कॉलेजपासूनच चालत आलेले असतात, मधली काही वर्षं दबलेले. थोड्या जणांना मात्र पंचविशीनंतर पहिल्यांदाच येतात. दोन्ही प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक.

चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. अँड्रोजेन या गटातल्या हार्मोन्सच्या हुकमावर ती सीबम नावाचं तेल सोडते. ही हार्मोन्स 'पुरुषी' म्हणून ओळखली जात असली, तरी बाईच्या अंडाशयात आणि अॅड्रिनल ग्रंथीतही ती तयार होतात. रंध्राच्या आतल्या भिंतीवरच्या मृत पेशी एरवी सुट्या होऊन तेलाबरोबर बाहेर येतात. मुरूम होणाऱ्या त्वचेत त्या एकमेकींना चिकटतात, त्यांचं बूच बनतं आणि तेल आत तुंबतं. क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस हा जीवाणू सर्वांच्याच चेहऱ्यावर राहतो. २०१६ पर्यंत त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणत, म्हणून जुन्या पुस्तकांत तो वेगळ्या नावाने भेटतो. तुंबलेलं तेल हे त्याचं खाद्य. तो वाढला की शरीराची संरक्षक यंत्रणा चवताळते आणि दाह भडकतो. दाह हा शेवटचा अंक आहे असं पूर्वी समजत. आता मात्र त्याची सुरुवात बूच बनण्याच्याही आधी होते असे पुरावे आहेत.

हे पहिलं बूच डोळ्यांना दिसत नाही. तिथपासून लाल, दुखरी पुळी वर येईपर्यंत सुमारे आठ आठवडे जाऊ शकतात. अधिक महिना आडवा आला नाही, तर गणेश चतुर्थीपासून नरक चतुर्दशीपर्यंतचं अंतर जवळजवळ एवढंच भरतं. म्हणजे अभ्यंगस्नानाच्या पहाटे आरशात दिसलेली पुळी बहुधा गणपती बसले तेव्हा रुजलेली असते. आदल्या रात्री खाल्लेल्या चकलीवर तिचा आळ घेण्यात अर्थ नाही. आणि आज ज्या गालावर काहीच दिसत नाही, तिथे दिवाळीनंतरच्या पुळ्या आधीच रुजू लागलेल्या असतात. पुळीवर टिकलीसारखा लावलेला औषधाचा ठिपका पुरेसा का पडत नाही, ते या एका गोष्टीतून कळतं.

सिल्वासाची हवा, सुताचं तेल

दमणगंगेच्या काठी वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पावसाळा सरला तरी हवेतला ओलावा पुरता सरत नाही. त्वचेचं तापमान चढलं की तेलाचा स्राव वाढतो. घामात भिजलेली त्वचा फुगते आणि आधीच अरुंद झालेलं रंध्राचं तोंड आणखी आवळतं. दुसऱ्या महायुद्धात उष्ण, दमट प्रदेशांत पाठवलेल्या सैनिकांच्या पाठीवर आणि नितंबांवर मोठमोठ्या गाठी उठत. त्या प्रकाराला 'ट्रॉपिकल अॅक्ने' हेच नाव पडलं.

त्यात कारखान्याच्या आतली हवा वेगळी. टेक्स्चरायझिंगच्या मशीनवर पॉलिएस्टरचा धागा साधारण २०० अंश तापलेल्या हीटरमधून जातो, पीळ घेतो, सुटतो, थंड होतो आणि बॉबिनवर गुंडाळला जाण्याआधी तेलात फिरणाऱ्या छोट्या रोलरला घासून जातो. हे कोनिंग ऑइल. त्याशिवाय धागा पुढे विणकामात तुटतो. मशीनच्या ओळींमधून एक फेरी मारून आलं आणि टेबलावर कोरा कागद हाताळला, तर त्यावर बोटांचे पारदर्शक डाग उठतात. मी रिपोर्ट लिहायचे तेव्हा वहीच्या कोपऱ्यांवर ते कायम असत. त्यामुळे "हे तेलाचंच" असं वाटणं अगदी साहजिक आहे.

खनिज तेलाने खरोखर मुरूम होतात. व्यवसायजन्य त्वचारोगांत ही फार जुनी नोंद आहे. पण त्यांची जागा वेगळी असते. तेलाने माखलेला कपडा जिथे घासतो तिथे ते उठतात: मांड्यांवर, पोटावर, हातांच्या कोपराखालच्या भागावर. केसागणिक एक काळा ठिपका आणि मध्येच एखादी पुळी. अशा माणसाला मलमापेक्षा रोज धुतलेला युनिफॉर्म, एप्रन आणि जेवणाच्या सुट्टीत साबणाने हात धुणं जास्त उपयोगी पडतं. हनुवटी, जबडा आणि मानेचा वरचा भाग एवढ्याच पट्ट्यात, महिन्याच्या ठरावीक दिवसांत येणाऱ्या गाठींचं खापर मात्र कोनिंग ऑइलवर फोडता येत नाही. माझं निदान मी पाच वर्षं इथेच चुकवलं होतं. मांड्यांवर एकही पुळी नव्हती, पण ही गोष्ट मला कोणी विचारली नाही आणि मीही सांगितली नाही.

जागा बघणं ही निदानाची निम्मी वाट आहे. कपाळावर केसांच्या रेषेला लागून बारीक, न दुखणारे दाणे असतील तर डोक्याला चोपडलेलं तेल कपाळावर उतरतंय का, ते आधी पाहावं. वापीला रोज बाइकने जाणाऱ्याच्या हनुवटीवर हेल्मेटच्या पट्ट्याच्याच रेषेत पुळ्या असतील, तर घाम आणि घर्षण हे कारण समोरच दिसतं. पाठीवर, छातीवर, कपाळावर सगळे दाणे एकाच आकाराचे, खाजणारे आणि ब्लॅकहेड्सशिवाय असतील, तर तो मुरूम नसण्याचीच शक्यता मोठी. मॅलॅसेझिया नावाची बुरशी केसांच्या मुळाशी वाढते तेव्हा असं चित्र दिसतं. दमट हवेत आणि अँटिबायोटिकचे कोर्स बरेच दिवस चालले की ती फोफावते, आणि मग मुरुमाची गोळी वाढवत नेली तसतसा आजारही वाढत जातो. क्षयाच्या उपचारातलं आयसोनियाझिड, फिट्सवरचं फेनिटॉइन, लिथियम, स्टेरॉइडच्या गोळ्या यांनीही मुरुमासारखे दाणे येतात. म्हणून डॉक्टरांना चालू औषधांची सगळी पाकिटं दाखवावीत, नाव आठवत नसेल तर रिकामी पाकिटंसुद्धा.

या भागात एकटे राहणारे तरुण पुरुष खूप आहेत. २०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीत हजार पुरुषांमागे ७७४ स्त्रियाच होत्या. कारखान्यांसाठी बाहेरून आलेल्या कामगारांचं हे प्रतिबिंब. त्यांच्यातल्या कोणाच्या पाठीवर जिम सुरू केल्यावर अचानक मोठे मुरूम उठले, तर प्रोटीन पावडरचा डबा आणि 'बॉडी बनवायचं' म्हणून कोणी टोचलेलं इंजेक्शन, दोन्हींची चौकशी व्हायला हवी. ॲनाबॉलिक स्टेरॉइडने होणारे मुरूम फार उग्र असतात आणि त्यांचे खड्डे जन्मभर राहू शकतात.

दोन पाळ्या

मराठीत 'पाळी' या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि कंपनीत काम करणाऱ्या बाईच्या मुरुमाचा विचार करताना दोन्ही लागतात.

पहिली महिन्याची. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर गाठी येणं हे प्रौढ स्त्रियांतलं नेहमीचं चित्र. रक्तातलं अँड्रोजेन बहुतेकींचं प्रमाणातच असतं, ग्रंथीच त्याला जास्त प्रतिसाद देते. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग होतंय कशामुळे?" हा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर रक्ताच्या रिपोर्टमध्ये सापडत नाही. पाळी ३५ दिवसांपेक्षा उशिरा किंवा २१ दिवसांच्या आत येत असेल, वर्षात आठपेक्षा कमी वेळा येत असेल, हनुवटीवर-ओठांवर राठ केस वाढत असतील, तर मात्र पीसीओएस या हार्मोन्सच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. तिथे मुरूम ही वरवरची खूण असते. साखर, वजन आणि गर्भधारणा यांचेही प्रश्न त्याच मुळातून निघतात.

दुसरी पाळी रात्रपाळी. रात्रपाळीनेच मुरूम येतात असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा माझ्या वाचनात नाही, आणि ते म्हणायचा मोह मी टाळते. ताणाने वाढतात हे मात्र दिसलेलं आहे: २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या २२ विद्यार्थ्यांची परीक्षेच्या आधी आणि परीक्षेच्या दिवसांत तपासणी झाली, तेव्हा ज्यांचा ताण जास्त वाढला त्यांचे मुरूमही जास्त वाढले होते. अभ्यास लहान आहे, पण पाळी बदलली की घरातलं स्वयंपाकपाणी, मुलांची शाळा आणि झोप यांची ओढाताण ज्यांनी सोसली आहे त्यांना तो पटेल. रात्रपाळीचा खरा उपद्रव औषधाच्या वेळेत होतो. त्याविषयी पुढे सांगते.

खाण्याबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर बारा आठवडे झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रक्तातली साखर झपाट्याने चढवणारे पदार्थ कमी केलेल्या गटाचे मुरूम अधिक उतरले. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर १२०० लोक तपासले, त्यांच्यात एकालाही मुरूम नव्हता, असं २००२ साली नोंदलं गेलं. अर्थात तिथे आहाराबरोबर आनुवंशिकताही निराळी आहे. पाळीभर दर दोन तासांनी गोड चहा आणि बिस्किटं होत असतील, तर ती कमी करून बघण्यात तोटा काही नाही. तळलेलं खाल्ल्याने किंवा पोट साफ न झाल्याने मुरूम येतात, याला मात्र आधार सापडत नाही.

तीन दिवसांत उतरणारी पुळी

या विवेचनातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मेडिकलच्या काउंटरवर घडतो. "पिंपल्सची ट्यूब द्या" म्हटलं की पुष्कळदा हातात पडते ती स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. मला अशीच मिळाली होती, रंगही उजळेल या आश्वासनासकट. तिसऱ्या दिवशी लाली गेली, आठवड्यात चेहरा गुळगुळीत झाला. मी ती दोन मैत्रिणींना सांगितली. याचं मला आजही वाईट वाटतं.

स्टेरॉइड दाह दाबतं, आणि तेही झटपट. म्हणून आठ आठवड्यांच्या आजारावर त्याची जादू तीन दिवसांत दिसते. बूच तसंच राहतं. आत त्वचा पातळ होत जाते, बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात, लव वाढते आणि काही महिन्यांनी स्टेरॉइडचेच मुरूम उठतात. ट्यूब थांबवली की चेहरा लालबुंद होऊन आग होते. पुन्हा लावली की शांत. ही औषधाची कमाल नव्हे, हे व्यसनाचं चक्र आहे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला स्वतंत्र नावच दिलं आहे, 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस'. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री भारतीय अभ्यासात चेहऱ्याचे विकार असलेले २९२६ रुग्ण तपासले गेले, त्यांतले ४३३ जण स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या जवळपास साठ टक्क्यांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवलं होतं, आणि सर्वांत जास्त दिसलेला दुष्परिणाम मुरूम हाच होता. तीव्र प्रकारची स्टेरॉइड्स ग्रामीण आणि निमशहरी रुग्णांत जास्त होती. सिल्वासासारख्या गावाचं चित्र यात ओळखीचं वाटतं.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम आहे, पण ट्यूबवरची बारीक अक्षरं आपल्यालाच वाचावी लागतात. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एकही नाव दिसलं, तर ती ट्यूब मुरुमासाठी नाही. आणि ती आधीपासून महिनोन्‌महिने लावत असाल, तर मनानेच झटक्यात न थांबवता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. इथल्या सिव्हिल हॉस्पिटलला जोडून २०१९ पासून मेडिकल कॉलेज आहे. त्यासाठी सुरत-मुंबई गाठायची गरज नाही.

घरगुती उपायांनी तेवढं नुकसान होत नाही, पण थोडं होतं. दुधात उगाळलेलं जायफळ आजीने लावलं असेल तर लावू द्यावं, आग झाली तर धुवावं. लिंबू मात्र नको. त्वचेचा सामू पाचाच्या आसपास असतो, लिंबाचा दोनाच्या जवळ. भाजून काळे डाग पडतात. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा यांनाही चेहऱ्यावर जागा नाही.

औषध आणि त्याची वेळ

पायाभूत औषध रेटिनॉइड, म्हणजे अॅडापेलीन किंवा ट्रेटिनॉइन. पेशींचं बूच बनू न देणं हे त्याचं काम. ०.१ टक्क्याचं अॅडापेलीन जेल मटाराच्या दाण्याएवढं घ्यायचं, धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या चेहऱ्यावर सगळीकडे पातळ पसरायचं, डोळ्यांच्या कडा, नाकाचे कोपरे आणि ओठ सोडून. सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले दोन ते चार आठवडे त्वचा सुटते, चुरचुरते, कधी पुळ्या थोड्या वाढतात. इथेच बहुतेक जणी ट्यूब खिडकीत ठेवून देतात. साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर आधी लावून त्यावर जेल लावलं तर हा काळ निभावतो.

चिठ्ठीवर 'रात्री' लिहिलेलं असतं. रात्रपाळीच्या बाईने त्याचा अर्थ 'झोपण्याआधी' असा घ्यावा, मग ते सकाळचे नऊ का असेनात. अॅडापेलीन उजेडात टिकतं, बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबरही टिकतं. ट्रेटिनॉइन उजेडात निकामी होतं. ज्यांच्या पाळ्या बदलतात त्यांच्यासाठी म्हणून मला पहिलं जास्त सोयीचं वाटतं.

बेन्झॉइल पेरॉक्साइड जीवाणू मारतं, आणि जीवाणू त्याला निर्ढावत नाहीत. अडीच टक्क्यांचं पुरतं. रंगीत कपड्यांचा रंग मात्र ते उडवतं. माझ्या निळ्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा पांढरट डाग पडला तेव्हा सूत रंगवणाऱ्यांच्या गावात राहून मला हे आधी का सुचलं नाही, असं झालं. अभ्रा पांढरा वापरावा.

डॉक्सिसायक्लीनसारखी अँटिबायोटिक गोळी दाह जास्त असेल तर द्यावी लागते. साधारण तीन महिन्यांपलीकडे नाही, आणि एकटी कधीच नाही. क्लिंडामायसीनच्या जेललाही हेच लागू, कारण एकट्या अँटिबायोटिकने जीवाणू निर्ढावतात. डॉक्सिसायक्लीन जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्रपाळी करून आल्यावर गोळी घोटभर पाण्याने गिळून लगेच झोपलं तर ती अन्ननलिकेला चिकटून जखम करू शकते.

जबड्याच्या पट्ट्यातल्या, पाळीआधी उठणाऱ्या मुरुमांवर स्पायरोनोलॅक्टोन हे जुनं रक्तदाबाचं औषध उपयोगी पडतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या ४१० स्त्रियांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा बाराव्या आठवड्यात दिसला आणि चोविसाव्यात आणखी ठळक झाला. गरोदरपणात ते चालत नाही. आयसोट्रेटिनॉइन तर अजिबातच नाही. १९८२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध मुरुमाच्या तेल, बूच, जीवाणू आणि दाह या चारही कारणांवर काम करतं, खोल गाठींचा आजार थांबवतं, पण गर्भात गंभीर व्यंगं निर्माण करतं. गोळी सुरू करण्याआधी एक महिना, चालू असताना आणि थांबवल्यावर एक महिना गर्भनिरोधन काटेकोर हवं. बाईच्या हातात हे पाकीट देताना ही गोष्ट नवऱ्यासमोर, सासूसमोर संकोचाने गिळली जाऊ नये. डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून सांगावं. दिवस राहिलेले असतील किंवा राहू शकतात असं वाटत असेल, तर अॅझेलेइक अॅसिड हा सुरक्षित पर्याय आहे. आपल्या सावळ्या त्वचेवर पुळी गेल्यानंतर महिनोन्‌महिने राहणारे काळे डागही त्याने फिकट होतात. डागांसाठी सनस्क्रीन लागतंच. खड्ड्यांवरचे उपचार मुरूम पूर्ण शांत झाल्यावर करायचे.

मी दुसऱ्यांदा नीट उपचार सुरू केले तेव्हा डॉक्टरांनी एक काम सांगितलं होतं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज एक आकडा लिहायचा: आज नव्या पुळ्या किती. पाळीच्या तारखेला गोल, रात्रपाळीच्या आठवड्याला रेघ. पहिल्या महिन्याचे आकडे ३, २, ४, ५ असे होते आणि मी ट्यूब बदलून मागायला गेले. त्यांनी पान उलटून मागचा महिना पाहिला, गोलाच्या आधीच्या आठवड्यातले आकडे बोटाने मोजले, रात्रपाळीच्या रेघेखाली दोन दिवस रिकामे का आहेत ते विचारलं. त्या दोन दिवशी मी जेल लावलंच नव्हतं. चिठ्ठीवर त्यांनी 'रात्री' खोडून 'झोपण्याआधी' लिहिलं, ट्यूब तीच ठेवली आणि पुढची तारीख आठ आठवड्यांनंतरची दिली.